गोळीचा वेग: फुटांतून मीटरमध्ये, मीटरमधून किलोमीटरमध्ये

गेल्या जूनमध्ये कोपरखैरण्याहून एका बाबांचा फोन आला. त्यांचा मुलगा आणि माझी लेक ठाण्यात नेमबाजीच्या एकाच रेंजवर एअर रायफल शिकतात. मुलाला स्वतःची रायफल घ्यायचं ठरलं होतं आणि त्यांच्या पुढ्यात दोन माहितीपत्रकं होती. "ताई, एकीवर वेग ५६५ लिहिलाय आणि दुसरीवर फक्त १७२. किंमत जवळपास सारखीच आहे. मग पहिलीच घ्यायला हवी ना?" मी त्यांना आकड्याला लागून असलेली बारीक अक्षरं वाचायला सांगितली. पहिल्या पत्रकावर फूट प्रति सेकंद होतं, दुसऱ्यावर मीटर प्रति सेकंद. दोन्ही रायफली पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, एकाच वेगाने सोडत होत्या.

मी शाळेत गणित शिकवते आणि दर शनिवारी रेंजवर क्रोनोग्राफच्या नोंदी ठेवायला मदत करते. क्रोनोग्राफ म्हणजे नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजणारं यंत्र. नव्या मुलांचे पालक, एनसीसीत पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची रायफल, चालवून आलेली कॉलेजची मुलं आणि कधीकधी जुने नेमबाजही याच जागी अडखळतात. हिशोब सातवीच्या त्रैराशिकाचा आहे, पण तो कोणी एकदा नीट बसून समजावलेला नसतो. म्हणून हा लेख.

सुरुवातीला शब्दाचं एक सांगते. पाठ्यपुस्तकात चाल आणि वेग या दोन वेगळ्या राशी आहेत, वेगाला दिशा असते. रेंजवर दिशा ठरलेलीच असते, समोरचं टार्गेट. त्यामुळे सगळे वेगच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे. हा वेग नळीच्या तोंडाशी मोजलेला. पुढे हवेच्या विरोधाने तो कमी होत जातो.

कोणतं एकक कुठे भेटतं

फूट प्रति सेकंद, म्हणजे रेंजवरच्या बोलीत एफपीएस, हे एकक अमेरिकी आणि ब्रिटिश माहितीपत्रकांवर, बहुतेक एअरगनच्या जाहिरातींत आणि पुष्कळ क्रोनोग्राफांच्या पडद्यावर दिसतं. मीटर प्रति सेकंद जर्मन आणि ऑस्ट्रियन रायफलींच्या कागदांवर असतं. दहा मीटरवरून नेम धरायच्या प्रकारात ज्यांची नावं नेहमी ऐकू येतात त्या वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, अनशूट्झ, स्टायर या सगळ्या त्याच भागातल्या. किलोमीटर प्रति तास वर्तमानपत्रात वाचायला मिळतं, कारण वाचकाला गाडीच्या वेगाशी तुलना करता येते. मैल प्रति तास इंग्रजी लेखांत आणि परदेशी व्हिडिओंत भेटतं. नॉट हे जहाजांचं आणि विमानांचं एकक मोबाइलवरच्या रूपांतराच्या यादीत असतं, गोळीसाठी ते कोणी वापरत नाही.

आपल्याकडे मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ सालचा. तरी अजून उंची विचारली की आपण पाच फूट चार इंच सांगतो, कापड मात्र मीटरवर घेतो. ठाण्यात घर बघायला गेलात तर दलाल चौरस फुटांत बोलतो आणि करारनाम्यात चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये येतं. म्हणजे दोन मापांत राहायची सवय आपल्याला आहेच. या चौरस मीटरकडे मी पुढे परत येणार आहे, कारण चौरस मीटरचे चौरस फूट करायचा आकडाच गोळीच्या ऊर्जेत डोकावतो.

पहिली पायरी: आकडा लिहायच्या आधी एकक लिहा

हे वाचायला फार सोपं वाटेल, पण निम्म्या चुका इथेच होतात. आमच्या रेंजवरच्या वहीत पहिल्या रकान्यात एकक लिहायचं आणि दुसऱ्यात आकडा, असा नियम मी आग्रहाने केला आहे. उलट क्रम ठेवला की आकडा लिहून होतो, पुढची गोळी सुटते आणि एकक राहून जातं.

पडद्यावरची अक्षरं वाचताना तीन ठिकाणी जपा. एक, 'एम'ने सुरू होणारी दोन एककं आहेत, मीटर प्रति सेकंद आणि मैल प्रति तास. संक्षेपात ती फसवी दिसतात, म्हणून शेवटचं अक्षर बघा. सेकंदाचं 'एस' आहे की तासाचं 'एच'? दोन, व्हिडिओ कॅमेऱ्यातलं एफपीएस वेगळं. तिथे ते दर सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या असते. संथ गतीतल्या व्हिडिओखाली लिहिलेला तो आकडा गोळीचा वेग समजून एका मुलाने वहीत उतरवला होता. तीन, जर्मन डब्यांवर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. पेलेटच्या डबीवर ०,५३ ग्रॅम आणि ४,४९ मिलिमीटर असं छापलेलं दिसलं तर ते ०.५३ आणि ४.४९ असं वाचायचं. आपल्याकडे स्वल्पविराम हजार आणि लाख वेगळे करायला असतो, त्यामुळे डोळा पटकन चुकतो.

क्रोनोग्राफ हातात आला की आधी त्याचं एकक कुठून बदलतं ते शोधून ठेवा. बहुतेकांवर त्यासाठी बटण असतं आणि ते चुकून दाबलं जातं. सकाळी फुटांत चाललेलं यंत्र दुपारी मीटरमध्ये गेलेलं मी पाहिलं आहे. आकडे एकदम तिपटीने कमी झाले तर रायफल बिघडली असं समजण्याआधी पडद्याचा कोपरा बघा.

दुसरी पायरी: सगळ्यांना मीटर प्रति सेकंदावर उतरवा

ठाणे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. कल्याणकडून आलेला माणूस, मुलुंडकडून आलेला माणूस, दोघांनाही वाशीला किंवा पनवेलला जायचं असेल तर इथे उतरायचं, पूल चढायचा आणि ट्रान्स हार्बरची गाडी धरायची. वेगाच्या हिशोबात मीटर प्रति सेकंद हे असं स्टेशन आहे. कुठूनही या, आधी इथे उतरा, मग पुढची गाडी.

याचा फायदा मोजून दाखवते. फूट प्रति सेकंद, मीटर प्रति सेकंद, किलोमीटर प्रति तास, मैल प्रति तास आणि नॉट, अशी पाच एककं धरली तर त्यांच्या दहा जोड्या होतात. दहा जोड्यांचे दहा गुणक पाठ करायचे आणि वर प्रत्येक वेळी गुणायचं की भागायचं ते आठवायचं. मधलं स्टेशन ठरवलं की चार आकडे पुरतात:

१ फूट प्रति सेकंद = ०.३०४८ मीटर प्रति सेकंद
१ मैल प्रति तास = ०.४४७०४ मीटर प्रति सेकंद
१ नॉट = ०.५१४४ मीटर प्रति सेकंद
१ मीटर प्रति सेकंद = ३.६ किलोमीटर प्रति तास

नॉटचा सोडला तर हे आकडे अंदाजे नाहीत, तंतोतंत आहेत. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही देशांनी यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर असं ठरवून टाकलं. त्याचा तिसरा हिस्सा फूट, म्हणून ०.३०४८. मैल ५,२८० फुटांचा, म्हणजे १,६०९.३४४ मीटर. त्याला ३,६०० सेकंदांनी भागलं की ०.४४७०४. ३.६ कुठून आला हे तर मुलांना मी हमखास विचारते: एका तासात ३,६०० सेकंद आणि एका किलोमीटरमध्ये १,००० मीटर. नॉट म्हणजे तासाला १,८५२ मीटर. ३,६०० ने भागताना दशांश संपत नाहीत, म्हणून तेवढा एकच चार स्थळांपर्यंत घेतला आहे.

आता गुणायचं की भागायचं? घरात धान्य मोजलेलं आठवा. तीच रास शेराने मोजली तर मापं जास्त भरतात, पायलीने मोजली तर कमी. मीटर फुटापेक्षा मोठा आहे, म्हणून मीटरमधला आकडा लहान यायला हवा. एकाच वेगाचे आकडे लहानाकडून मोठ्याकडे नेहमी याच क्रमाने येतात: मीटर प्रति सेकंद, नॉट, मैल प्रति तास, फूट प्रति सेकंद, किलोमीटर प्रति तास. त्या बाबांच्या रायफलीचंच उदाहरण घ्या. १७२ मीटर प्रति सेकंद, ३३५ नॉट, ३८५ मैल प्रति तास, ५६५ फूट प्रति सेकंद, ६२० किलोमीटर प्रति तास. तुमच्या उत्तरात हा क्रम उलटा लागला तर गुणाकाराच्या जागी भागाकार झाला आहे. मला स्वतःला हा क्रम कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त उपयोगी पडला आहे, कारण कागदपेन्सिल न घेता चूक दिसते.

हे सगळं त्रैराशिकाने होतं, कारण शून्य वेग सगळ्याच एककांत शून्य असतो. तापमानात तसं नसतं. तिथे सेल्सियसचा शून्य आणि फॅरनहाइटचा शून्य वेगळे, म्हणून बत्तीस मिळवायला लागतात. वेगात काहीही मिळवायचं किंवा वजा करायचं नाही. दहा गोळ्यांतली सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ यांच्यातला फरक ६ फूट प्रति सेकंद असेल तर त्यालाही त्याच ०.३०४८ ने गुणा, १.८ मीटर प्रति सेकंद मिळतील.

तिसरी पायरी: तोंडी हिशोब

फायरिंग पॉइंटवर मोबाइल काढणं बरं नाही, अनेक रेंजवर तो चालतही नाही. त्यामुळे तोंडी हिशोब येणं फायद्याचं. आपल्या आजीआजोबांनी पावकी, निमकी, दिडकी पाठ केली होती. इथे तीच कामी येते.

मीटरवरून किलोमीटर प्रति तास: चौपट करा आणि त्याचा दहावा भाग काढून टाका. १७२ ची चौपट ६८८, त्यातून ६८.८ गेले, उरले ६१९.२. हे उत्तर अचूक आहे, कारण चारातून चाराचा दशांश गेला की ३.६ च उरतात.

मीटरवरून फूट: तिप्पट, अधिक पाव, अधिक शेकडा तीन. १७२ ची तिप्पट ५१६, १७२ चीच पावकी ४३, शेकडा तीन म्हणजे सुमारे ५. बेरीज ५६४. खरा गुणक ३.२८०८ आहे आणि आपण ३.२८ धरला, म्हणून फरक नगण्य.

फुटांवरून मीटर: तीनने गुणा, दहाने भागा, आणि जे येईल त्यात शेकडा १.६ वाढवा. ५६५ ला तीनने गुणून दहाने भागलं की १६९.५. त्याचे शेकडा १.६ म्हणजे २.७. उत्तर १७२.२. ही वाढ बरेच जण विसरतात आणि थेट ०.३ ने गुणून थांबतात. एअर रायफलला त्याने पावणेतीन मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ नऊ फूट. चांगल्या रायफलीतून चांगली पेलेट एकामागून एक सोडली की गोळीगोळीतला फरक त्याहून कमी असतो. हिशोबातली चूक रायफलीच्या खऱ्या चढउतारापेक्षा मोठी झाली तर मोजमापाला अर्थ राहत नाही.

मैल प्रति तासावरून मीटर: निम्मे करा आणि त्यातला दहावा भाग वजा करा. म्हणजे ०.४५ ने गुणल्यासारखं होतं आणि उत्तर शेकड्याला सुमारे ०.७ ने जास्त येतं. अंदाजाला हे चालेल, वहीत लिहायला नाही.

मधलं स्टेशन टाळून थेट जायच्या दोन वाटा मात्र लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. फुटांवरून किलोमीटर प्रति तास हवे असतील तर दहा टक्के वाढवा, ५६५ चे सुमारे ६२०. आणि ६० मैल प्रति तास म्हणजे बरोबर ८८ फूट प्रति सेकंद. हे एक समीकरण पाठ असलं की मैलांवरून फुटांकडे जायचं बावीस आणि पंधराचं गुणोत्तर (८८ भागिले ६०) आपोआप हाताशी येतं.

चौथी पायरी: वजन विचारल्याशिवाय वेगावर बोलू नका

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरेदी करणाऱ्याचं आणि कायदा पाळू इच्छिणाऱ्याचं खरं काम इथे आहे.

वेगाचा आकडा एकटा अपुरा असतो. तीच रायफल हलकी पेलेट वेगाने फेकते आणि जड पेलेट सावकाश. म्हणून नोंदीत पेलेटचं वजन हवंच. दहा मीटरच्या स्पर्धेत ४.५ मिलिमीटर व्यासाची, चपट्या तोंडाची पेलेट लागते आणि डबीवर बहुधा ०.५३ ग्रॅमच्या आसपासचं वजन असतं. अमेरिकी डबीवर वजन ग्रेनमध्ये असेल. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, ७,००० ग्रेनचा एक पौंड. ०.५३ ग्रॅम म्हणजे ८.१८ ग्रेन. इथे ग्रेन आणि ग्रॅम यांत गोंधळ करू नका, दोन्हींचा संक्षेप एकाच अक्षराने सुरू होतो.

ऊर्जा ज्यूलमध्ये काढायची तर वजन किलोग्रॅममध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात, आणि सूत्र नववीच्या विज्ञानातलं: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.५३ ग्रॅम म्हणजे ०.०००५३ किलो. १७२.२ चा वर्ग २९,६५३. गुणून निम्मे केले की ७.८६ ज्यूल. फूट-पौंडात हवे असतील तर १.३५६ ने भागा, ५.८ येतील. सगळं अमेरिकी मापात करायचं तर ग्रेन गुणिले फुटांतल्या वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. तेही करून पाहा, ५.८ च मिळतील. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की हिशोब बरोबर आहे याची खात्री पटते.

आता चूक करून पाहू. समजा कोणी ५६५ हा फुटांतला आकडा मीटरचा समजून सूत्रात घातला. ५६५ चा वर्ग ३,१९,२२५. ऊर्जा येते ८४.६ ज्यूल. खऱ्या उत्तराने भागून बघा, १०.७६ पट. हा आकडा ओळखीचा वाटतो का? ठाण्यात, घणसोलीत, खारघरला ज्यांनी घर घेतलं आहे त्यांनी तो करारनामा वाचताना वापरला आहे: एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट. मीटर आणि फूट यांच्यातला गुणक ३.२८, त्याचा वर्ग १०.७६. घराचं क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने वाढतं, गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने. म्हणून वेगातली तिपटीची चूक ऊर्जेत दसपटीहून मोठी होते. वर्गात मी हे उदाहरण दिलं की मुलं घरी जाऊन खरोखर करारनामा काढून बघतात.

ही चूक कागदापुरती राहत नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेची एअरगन परवान्याच्या कक्षेत जाते. ७.८६ ज्यूलची स्पर्धेची रायफल त्या मर्यादेच्या खूप खाली आहे. चुकीचे ८४.६ ज्यूल कोणत्या अर्जात किंवा पत्रात लिहिले गेले तर विनाकारण प्रश्न उभे राहतील. उलट बाजूनेही जपा. जाहिरातीत '१००० एफपीएस' असं मोठ्या अक्षरांत दिसतं. ते ३०४.८ मीटर प्रति सेकंद झाले. अशी जाहिरात पुष्कळदा हलक्या मिश्रधातूच्या पेलेटवर बेतलेली असते. ती ०.३३ ग्रॅमची असेल तर ऊर्जा १५.३ ज्यूल. पण ०.५३ ग्रॅमची पेलेट त्याच वेगाने गेली असती तर २४.६ ज्यूल झाले असते, म्हणजे मर्यादेच्या वर. प्रत्यक्षात जड पेलेट तेवढी वेगाने जात नाही, म्हणूनच वजन आणि वेग एकाच गोळीचे, एकाच वेळी मोजलेले असायला हवेत. एअरगन घेताना दुकानदाराकडे ज्यूलमधला आकडा मागा आणि तो लेखी घ्या.

परदेशी रायफलीवर पंचकोनात 'एफ' हे अक्षर कोरलेलं दिसलं तर ती जर्मनीच्या ७.५ ज्यूलच्या मर्यादेतली खूण आहे. ब्रिटनमध्ये एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पौंडांची, म्हणजे १६.३ ज्यूल. त्यामुळे एकाच कंपनीची एकच रायफल दोन देशांच्या पत्रकांत वेगळ्या वेगाने छापलेली असू शकते.

पॉइंट टू-टू आणि माक

एअर रायफलवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. ज्यांना पुढे पन्नास मीटर रायफल प्रकाराकडे जायचं आहे, ज्या प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्यांना माक अंक भेटेल.

माक हे एकक नाही, गुणोत्तर आहे: गोळीचा वेग भागिले त्या हवेतला ध्वनीचा वेग. आणि ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. साधारण हिशोब असा: ३३१.३ मध्ये, जितके अंश सेल्सियस तापमान असेल त्याची ०.६ पट मिळवा. २० अंशांना ३४३ मीटर प्रति सेकंद. मे महिन्याच्या दुपारी ठाण्यात पारा ३५ वर असेल तर ३५२. जानेवारीत दिल्लीला डॉ. कर्णी सिंह रेंजवर सकाळी १० अंश असतील तर ३३७.

स्पर्धेसाठीची पॉइंट टू-टूची गोळी बहुधा ध्वनीपेक्षा जरा कमी वेगाची असते, ३३० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. वेग तोच धरला तर ठाण्यात तिचा माक ०.९४ आणि दिल्लीत ०.९८. गोळी तीच, आकडा वेगळा. म्हणून माकवरून मीटरकडे यायचं असेल तर आधी तापमान विचारा. तापमान न देता माक दिला असेल तर रूपांतर करूच नका. १,२५० फूट प्रति सेकंदाची जोरदार गोळी ३८१ मीटर प्रति सेकंदाने जाते, ती दोन्हीकडे ध्वनीच्या पुढे आहे आणि तिचा कडाड आवाज त्याचमुळे येतो. ध्वनीपेक्षा वेगाने सुटलेली गोळी वाटेत मंदावून त्या सीमेखाली येताना थोडी डळमळते. कमी वेगाची गोळी स्पर्धेत पसंत पडते त्याचं एक कारण हे.

पाचवी पायरी: किती दशांश लिहायचे

मोबाइल ५६५ फुटांचे १७२.२१२ मीटर दाखवतो. ते तीन दशांश क्रोनोग्राफने मोजलेले नाहीत. यंत्राने एक फूट प्रति सेकंदापर्यंत मोजलं असेल तर मीटरमध्ये एक दशांश पुरे: १७२.२.

यंत्र काय करतं ते कळलं की हे पटेल. साध्या क्रोनोग्राफमध्ये दोन संवेदक ठरावीक अंतरावर असतात. पेलेट पहिल्यावरून गेली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद. संवेदकांत ३० सेंटिमीटर अंतर असेल तर १७२ मीटर प्रति सेकंदाने जाणारी पेलेट ते १.७४ मिलिसेकंदात ओलांडते. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, बस्स. ते अंतर ३ मिलिमीटरने जरी चुकलं तरी उत्तर एका टक्क्याने, म्हणजे पावणेदोन मीटरने चुकतं. १७४२ मध्ये इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी मारून, तो किती झुलतो त्यावरून वेग काढला होता. त्यांच्या मानाने आपल्या हातातलं साधन फार नेमकं आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत.

प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राची अडचण आपल्याकडे पावसाळ्यात येते. जुलैत आभाळ भरून आलं की दिवे लावावे लागतात, आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, संवेदकाला कळतं. मग आकडे भलतेच येतात किंवा येतच नाहीत. यंत्राचा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा असेल तर तो वापरा, नसेल तर बॅटरीवरचा दिवा लावा. मोजणी कोचच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर चष्मा घालून आणि मागे पेलेट अडवणारा सापळा लावूनच करायची. घरच्या गॅलरीत नाही.

पूर्णांकाचा खेळ हाही बघा. ५६५ फुटांचे १७२ मीटर लिहिले. महिन्याने कोणी त्याच १७२ चे पुन्हा फूट केले, आले ५६४. एक फूट कुठे गेला? तो पूर्णांक करताना गळाला. म्हणून यंत्राने दाखवलेला मूळ आकडा वहीत तसाच राहू द्या आणि रूपांतर शेजारच्या रकान्यात करा. अशी गळती आपल्या शहराच्या इतिहासातही आहे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ते अंतर २१ मैल सांगतात. किलोमीटरमध्ये ३३.८ होतात, पुस्तकांत ३४ छापलं जातं. आता ३४ चे परत मैल करा, २१.१ येतील. इतिहासाला ते चालतं. टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अर्धा मिलिमीटर असलेल्या खेळाच्या वहीत चालवून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दहा गोळ्यांची सरासरी आधी काढून मग रूपांतर करा, आधी करून मग सरासरी काढू नका. गणिताने दोन्ही एकच, पण पहिल्या रीतीत एकदाच पूर्णांक करावा लागतो.

आमच्या वहीची एक ओळ अशी दिसते: तारीख, तापमान ३१ अंश, पेलेट ०.५३ ग्रॅम, नळीच्या तोंडापासून यंत्र १ मीटर, फूट प्रति सेकंद, दहा गोळ्यांची सरासरी ५६५, फरक ६, मीटर प्रति सेकंद १७२.२, ज्यूल ७.८६. एवढं असलं की रायफल सर्व्हिसिंगला गेली तरी आधीचं आणि नंतरचं ताडून बघता येतं.

करून बघा

एअर पिस्तूल १५० मीटर प्रति सेकंद. फूट किती? ४५० अधिक ३७.५ अधिक ४.५, म्हणजे ४९२. किलोमीटर प्रति तास? ६०० वजा ६०, म्हणजे ५४०.

जुनी थ्री नॉट थ्री रायफल, २,४४० फूट प्रति सेकंद. तीनने गुणून दहाने भागले ७३२, शेकडा १.६ चे ११.७, एकूण ७४३.७ मीटर प्रति सेकंद. चौपट २,९७४.८, दहावा भाग गेला, २,६७७ किलोमीटर प्रति तास.

इंग्रजी लेखात एका एअर रायफलचा वेग ३७५ मैल प्रति तास दिला आहे. ०.४४७०४ ने गुणून १६७.६ मीटर प्रति सेकंद. बावीसने गुणून पंधराने भागले तर बरोबर ५५० फूट. दोन्ही आकडे क्रमात बसतात का तेही बघा: १६७.६, ३७५, ५५०.

आणि एक उलटा. पत्रकावर वेगच नाही, फक्त ७,५ ज्यूल आणि पेलेट ०,५३ ग्रॅम. स्वल्पविराम म्हणजे दशांश. दुप्पट ऊर्जा १५, भागिले ०.०००५३, त्याचं वर्गमूळ १६८.२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ५५२ फूट. कोपरखैरण्याच्या त्या बाबांनी हे उदाहरण मुलाला घालून सोडवून घेतलं आणि वहीच्या पानाचा फोटो मला पाठवला. मुलाने उत्तराच्या आधी, पहिल्या रकान्यात, एकक लिहिलं होतं.